‘मुलं बहाणे सांगतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ऑनलाइन परीक्षेत उत्तरपत्रिका अपलोड न झालेल्या मुलांची मी उगाच कड घेतली, सूचना आठ दिवस आधी दिल्या होत्या, बाकीच्यांचं झालं मग यांचंच का नाही, आणि मुद्दाम बिघडवलेली फाइल चढवून वेळ मारून नेणाऱ्या एकाला तुम्ही स्वतः शून्य दिलंत.

शेवटचं आधी घेते, कारण असे महाभाग मीही पाहिलेत. पण ते बऱ्यापैकी ओळखता येतात. फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडायची. धड पीडीएफच्या सुरुवातीला ‘पीडीएफ’ ही अक्षरं असतात आणि अगदी तळाशी ‘ईओएफ’ ही फाइल संपल्याची खूण. अपलोड मध्येच तुटलं असेल तर डोकं शाबूत, शेपूट गायब. मुद्दाम बिघडवलेल्या फाइलीत बहुतेकदा डोक्यापासूनच कचरा. (हे वाचून उद्या कोणी नुसतं शेपूटच कापेल, कबूल.) २०२०च्या हिवाळी परीक्षेत आमच्या कॉलेजच्या मदतकक्षाचा फोन माझ्याकडे होता. ‘उघडत नाही’ म्हणून शून्य मिळालेल्या ज्या फाइली मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक शेपूट तुटलेल्या होत्या.

आता ‘बाकीच्यांचं झालं’. बारा पानांचे फोटो, प्रत्येकी ३ एमबी, म्हणजे ३६ एमबी. अपलोडचा वेग १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट, म्हणजे एका एमबीचा आठवा भाग) मिळाला तर पाच मिनिटं, अर्धा मिळाला तर दहा. साध्या वेबफॉर्मवर मध्येच रेंज गेली की पुन्हा शून्यापासून. घरच्या वायफायवर बसलेल्याला यातलं काही जाणवतही नाही.

आमच्या पोर्टलचं दुखणं तर वेगळंच निघालं. ते पीएचपी या वेबसाइटी बनवायच्या भाषेत लिहिलेलं होतं, आणि पीएचपीच्या मूळ सेटिंगमध्ये एका फाइलला २ एमबी आणि सगळा फॉर्म मिळून ८ एमबी एवढीच मर्यादा असते. पोर्टल चालवणाऱ्याने ती वाढवायची. आमच्याकडे कोणी वाढवली नव्हती. आठाच्या वर गेलं की प्रोग्रामच्या हाती रिकामा फॉर्म पडतो. त्यासाठी वेगळी तपासणी लिहिलेली नसेल, तर मुलाला चूक काय तेही दिसत नाही, नुसतं कोरं पान परत समोर येतं. पोर पुन्हा बटण दाबतं. पुन्हा कोरं. घड्याळ चालूच. मला फोनवर हेच ऐकू यायचं, ‘मॅडम, काहीच होत नाहीये’, आणि पहिले दोन दिवस मलाही तो बहाणाच वाटला.

सूचनांचं म्हणाल, तर २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत कागदांचे फोटो काढून पीडीएफ करणारं कॅमस्कॅनर होतं. आमच्या हिवाळ्यातल्या सूचनापत्रात ठळक अक्षरांत होतं, ‘कॅमस्कॅनर वापरावे’.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. मे २०२० मध्ये अमेरिकेच्या कॉलेज बोर्डाने एपी परीक्षा (शाळेतल्या मुलांच्या कॉलेज पातळीच्या परीक्षा) घरून घेतल्या. बऱ्याच विषयांना पहिल्या प्रश्नाला २५ मिनिटं आणि अपलोडला ५. आयफोन २०१७पासून फोटो एचईआयसी प्रकारात साठवतात, पोर्टल तो प्रकार घेईना. कित्येक मुलांची उत्तरं फोनमध्येच राहिली आणि जूनमध्ये पुन्हा परीक्षेला बसायची पाळी आली. अपयशी ठरलेले एक टक्क्याहून कमी, असं बोर्ड म्हणत होतं. तरी १८ मेपासून अपलोड न झाल्यास ईमेलने उत्तर पाठवायची सोय त्यांनी केली. त्या एका आठवड्यात मुलं काही बदलली नव्हती, सर.

माझं मागणं एवढंच आहे की लिहायची वेळ आणि पोहोचायची वेळ वेगळी धरा. वेळ संपताच परीक्षेच्या ॲपनेच फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा बोटाच्या ठशासारखा आकडा, काढून लगेच पाठवावा. एसएचए-२५६ या पद्धतीचा असेल तर ६४ अक्षरं, एका एसएमएसमध्ये मावतात. फाइल रात्री आली तरी चालेल. मधल्या वेळात एक टिंब जरी बदललं तरी हॅश जुळणार नाही, म्हणजे तुमची फसवणुकीची शंकाही उरत नाही.

तुम्ही शून्य दिलेली ती फाइल अजून असेल, तर नोटपॅडमध्ये उघडून पहिली आणि शेवटची ओळ बघाल का? काय दिसतं ते इथेच कळवा.