पिस्टन टिचकी मारून घ्यावा

इंजिनाचं काम निघालं की माणसाने मोजमापाच्या भानगडीत पडू नये. हा सल्ला देण्याचा अधिकार मला आहे, कारण मी कोल्हापूरचा आहे आणि शिरोलीच्या एका कारखान्यात क्वालिटीत नोकरी करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे पार्ट मोजायचे, एक शतांश मिलिमीटर इकडचं तिकडे झालं की लाल पट्टा मारून बाजूला काढायचे, यावर माझं घर चालतं. माझ्या स्वतःच्या शंभर सीसीच्या गाडीने निळा धूर मारायला सुरुवात केली आणि पिस्टन बदलायची वेळ आली तेव्हा मात्र मी दुकानात गेलो, पिस्टन हातावर घेतला आणि टिचकी मारली. आई माठ घेताना मारायची तशी. टण्ण आवाज आला. घेतला.

तुम्हीही असंच करा.

सुरुवात डब्यापासून करावी आणि शक्यतो तिथेच थांबावं. होलोग्राम चमकला म्हणजे माल अस्सल. होलोग्राम छापणारा आणि पिस्टन ओतणारा आयुष्यात कधी एकमेकांना भेटलेत का, हा प्रश्न मनात येऊ देऊ नका. डब्यावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन असं सगळं छापावं लागतं. २०११ सालचे तसे नियमच आहेत. आपण फक्त भाव वाचायचा आणि 'यात कमी किती?' एवढंच विचारायचं. क्यूआर कोड असला तर असू दे. मोबाइल बायकोला गजऱ्याचा फोटो पाठवायला असतो. डब्यावर 'जेन्युइन' या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं दिसलं, तर आपलं इंग्रजी तरी कुठे एवढं मोठं, असं म्हणून मोठ्या मनाने माफ करावं.

दुकानदार मालाची विभागणी तीन प्रकारांत करतो: 'कंपनी', 'लोकल' आणि 'कंपनीच्या तोडीचा'. या तिसऱ्या जातीवर डोळे मिटून विश्वास ठेवा. आता तुमच्यातला एखादा शहाणा म्हणेल की गाडीची कंपनी स्वतः सगळं कुठे बनवते? पिस्टन, त्याच्याभोवती बसणाऱ्या रिंगा, बेअरिंगं बाहेरचेच कारखाने करतात, आणि त्यातले बरेच जण तोच माल आपल्या नावाने, आपल्या डब्यात, कमी भावात विकतात. तो आफ्टरमार्केट माल, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याच्या नावाचा डबा. त्यासाठी १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम १०३ आहे, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान पन्नास हजार दंड. पण हा फरक करत बसलं तर 'हा बनवला कुणी?' असं काउंटरवर विचारावं लागतं. दुकानदाराने नुकताच आपल्यासाठी चहा सांगितलेला असतो. चहा सांगणाऱ्याला असलं विचारणं आपल्या संस्कारात बसत नाही.

मोजायची खाज फारच असेल तर एकदा मोजून बघा, कायमची जिरेल. व्हर्नियर घ्या आणि पिस्टनच्या डोक्याकडे लावा. आकडा कमी येईल. ताबडतोब भांडायला उठा: "अहो, हा तर लहान आहे!" मग काउंटरवरचा दहावी नापास पोरगा शांतपणे सांगेल की पिस्टन वर निमुळताच असतो, आणि गोलही नसतो, किंचित लंबगोल असतो, मोजायचा तर खालच्या भागाला, म्हणजे स्कर्टला, पिनच्या आडव्या दिशेने. दुकानातली चार गिऱ्हाइकं हसतील. त्यानंतर तुम्ही जन्मात पिस्टन मोजणार नाही, आणि तेच आपल्याला हवं आहे.

खरं तर तो पोरगा बरोबर असतो, पण पुढचं तोही सांगत नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची आतली बाजू बिडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. म्हणून थंडपणी दोघांत जागा सोडलेली असते. आपल्या ५० मिलिमीटर बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या, गाडीत ती जागा तीन-चार शतांश मिलिमीटरची, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बारीक. ती बघायला मायक्रोमीटर आणि बोअर गेज लागतं. साधा व्हर्नियर दोन शतांशच्या टप्प्याने वाचतो, त्याला हे काम सांगणं म्हणजे सोनं भंगाराच्या काट्यावर तोलणं. आता कोल्हापुरात मायक्रोमीटर मिळायची पंचाईत आहे का? शिवाजी उद्यमनगरात दगड मारला तर लेथवाल्याला लागेल. नेमक्या त्याच कारणासाठी तिकडे जाऊ नका. तो माणूस पिस्टन हातात घेईल, दोन ठिकाणी मोजेल, काही न बोलता परत देईल, आणि त्याच्या न बोलण्यानेच तुमचा दिवस खराब होईल.

किट, म्हणजे नवा ब्लॉक आणि पिस्टन जोडीने, न घेता जुनाच सिलिंडरचा ब्लॉक बोअर मारायचा, म्हणजे आतून कातून थोडा मोठा करायचा असेल, तर क्रम नीट लक्षात ठेवा. आधी बोअर मारून घ्यायचा, मग त्यात बसेल असा पिस्टन गावभर शोधत फिरायचं. उलटं करणारे, म्हणजे आधी ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन आणून, तो मोजून, त्याच्या मापाने बोअर मारायला सांगणारे लोक असतात. त्यांच्या गाड्या मग वर्षानुवर्षं काही बोलतच नाहीत. अशा गाडीचं काय कौतुक सांगणार कट्ट्यावर?

रिंगांबद्दल तर बोलूच नये. कुणीतरी सांगेल, एकेक रिंग सिलिंडरमध्ये सोडा, पिस्टन उलटा धरून तिला सरळ खाली ढकला आणि दोन टोकांतल्या फटीत फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, ठरावीक जाडीची पट्टी घालून बघा. उद्यमनगरातला हिशेब बोअरच्या एका इंचाला चार थाउचा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे आपल्या गाडीला ०.२० मिलिमीटरच्या आसपास. फट फार कमी असेल तर तापल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात, रिंगेला पसरायला जागा उरत नाही आणि ती सिलिंडर ओरबाडते. फार जास्त असेल तर कॉम्प्रेशन जातं आणि ऑइल वर चढतं. या सगळ्या प्रकाराला पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटं कुणाकडे आहेत? रिंगेवर एका बाजूला बारीक अक्षर असतं, ते वर यायला हवं. तेही मिस्त्रींना विचारू नका, त्यांना राग येतो.

बाकीच्या पार्टचं सोपं आहे. बेअरिंग धुवून त्यात कॉम्प्रेसरची हवा मारावी. ते शिट्टी वाजवत भन्नाट फिरतं, आजूबाजूची पोरं गोळा होतात, आणि विना ऑइलचं एवढं पळाल्यावर त्याच्या गोळ्यांचं जे काही होतं ते आतल्या आत राहतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तबकडीला चुंबक लावून बघणारेही महाभाग आहेत. बऱ्याच गाड्यांत ती तबकडी अशा पोलादाची असते की चुंबक तिला धरत नाही, म्हणून घट्ट चिकटला की यांच्या कपाळाला आठी. चुंबक फ्रिजच्या दारावर शोभतो. नवा ब्लॉक साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, होनिंगची, म्हणजे सिलिंडर आतून घासताना पडलेली, पूड नुसत्या पेट्रोलने निघत नाही, हेही कानाआड करा. इंजिन काय भांडं आहे का?

माझी गाडी या सगळ्या पथ्यांनिशी तयार झाली. मिस्त्री म्हणाले, "साहेब, आता पाच वर्षं बघायला नको." १,९०० किलोमीटरला ज्योतिबाच्या चढावर, मागे सौभाग्यवती आणि तिच्या मांडीवर गुलाल-खोबऱ्याची पिशवी, गाडीने आधी खर्रर्र केलं आणि मग मागचं चाक जाम. क्लच ओढायचं सुचलं म्हणून दोघं उभे राहिलो. बाजूने जाणारा एक टेंपो "चांगभलं!" असं ओरडत गेला. तो देवाला म्हणाला की मला, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पिस्टन घेऊन दुकानात गेलो. एका बाजूने उभा ओरबाडलेला, वरची रिंग दोन तुकड्यांत. दुकानदाराने तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि मागच्या पाटीकडे बोट दाखवलं: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

"इंजिनात गेलेला पार्ट आमी परत घेत न्हाई, साहेब," तो म्हणाला. "आनि तुमी सोताच टिचकी मारून घेतलासा की!"

चहा मात्र सांगितला त्याने.

तो पिस्टन आता ऑफिसात माझ्या टेबलावर असतो, त्यात पेनं छान राहतात. खालची रिंग शाबूत होती. ब्लॉकही कपाटामागे पडून होता. परवा चहा आला तेव्हा हातात दुसरं काम नव्हतं, म्हणून रिंग ब्लॉकच्या तळाशी, जिथे ओरखडे नाहीत तिथे सोडली, पिस्टनने सरळ केली आणि ड्रॉवरमधलं फिलर गेज काढलं. ०.२०ची पट्टी जाईना. ०.१५ची नाही, ०.१०ची नाही. ०.०५ची गेली, तीही अडखळत. सवयीने हात लाल रंगाच्या डबीकडे गेला.

चहा अजून गरम होता.