नाव बाजूला घ्या, पाणी येऊ द्या

परवा सकाळी पावणेआठला टँकरवाल्यानं आमच्या गल्लीच्या तोंडाशी हॉर्न दाबून धरला आणि मान बाहेर काढून ओरडला, "ओ सर, नाव बाजूला घ्या, पाणी येऊ द्या!" मे महिना, गाव लातूर. सगळी गल्ली हसली. मला अजून हसू आलेलं नाही.

नाव माझीच. हवेची, दोन माणसांची, भंगारातून 1,800 रुपयांना उचललेली. का घेतली हे विचारू नका, घरात विचारून झालंय. 2025 च्या सप्टेंबरात भूम-परांड्याकडं पुरात अडकलेली माणसं काढायला असल्याच फुगवायच्या बोटी आल्या होत्या. ते टीव्हीवर बघितलं आणि डोक्यात बसलं, एवढंच.

आधी पंक्चरवाल्याकडं नेली. त्यानं सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन फासून ठिगळ मारलं, वीस रुपये घेतले. घरी हवा भरली तर ठिगळ पापडासारखं फुगून वर आलं. त्याचा तरी काय दोष? ते सोल्युशन रबराचं, नाव पीव्हीसीची. पीव्हीसीला दोन भागांचा पॉलीयुरेथेन गोंद लागतो, त्यात ऐन वेळी हार्डनर मिसळायचा. तो मागवला. जुना चिकटा ॲसिटोननं पुसला, पॉलिश पेपरनं घासलं, ठिगळाचे कोपरे गोल कापले (टोकदार कोपरा आधी उचकटतो), दोन्हीकडं गोंद लावून जरा सुकू दिला आणि लाटण्यानं दाबून बसवलं. लाटण्याचं प्रकरण घरात वेगळं चालू आहे. आता चोवीस तास हात लावायचा नाही.

तेराव्या तासाला शेजारचे आबा आले.

"काय करलालाव सर?"

"नाव दुरुस्त करतोय, आबा."

"कुठलं? आधारवरलं का सातबाऱ्यावरलं?"

"तसलं नाव नाही हो. होडी, होडी."

आबांनी नावेभोवती एक प्रदक्षिणा घातली. बाजारात बैल बघतात तशी, पुढून, मागून, खाली वाकून. मग कापड चिमटीत धरून म्हणाले, "माल चांगलाय. केवढ्याला पडली ताडपत्री?"

"ताडपत्री नाही. पाण्यात चालते ही."

"कोणच्या पाण्यात?"

"धनेगावला नेणार. मांजरा धरणात."

"मांजरात!" आबा खुर्ची ओढून बसले. आबा बसले की तासाची निश्चिंती. "सोळा साली त्याच मांजरात मी मोटारसायकल घातली, पल्याड निघालो. टायर वलं झालं नाही."

हे मात्र खोटं म्हणता येत नाही. त्याच साली, 2016 च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आबा घागर घेऊन स्टेशनवर गेले होते आणि तिथं घागरीत पाणी देत नाहीत हे कळल्यावर चिडून परत आले होते. तो राग त्यांनी माझ्या नावेवर काढला असावा. बाकी रागवायला मलाही जागा आहे. तेव्हा पाणी रुळावरून आलं, आता रस्त्यावरून येतं. आमच्या गल्लीत पाइप पुरून तीन वर्षं झाली, पाइपातून यायचं तेवढं राहिलंय. खोदलेला रस्ता मात्र तसाच आहे, टँकर त्यावरूनच हेलकावे खात येतो. नाव खरं तर त्याला पाहिजे.

"बरं, पाण्यात जाऊ द्या," आबा म्हणाले. "कडब्याच्या गंजीवर टाकायला देता का? पाचशे देतो."

"आबा, भोकं आहेत तिला."

"मग तीनशे."

मी नाही म्हणालो. तेवढ्यात आबांनी अंगठ्याचं नख ठिगळाच्या कडेखाली घातलं.

"आबा!"

"चिकटलंय का बघलालो." कड सुटली. "हे बघा, निघलालंय."

"तुम्ही काढलंत म्हणून निघालं!"

"पक्कं असतं तर निघालं असतं का?"

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही, आणि खरा राग त्याचाच आहे. पुन्हा ॲसिटोन, पुन्हा घासणं, पुन्हा गोंद, पुन्हा लाटणं. या वेळी नाव पलंगाखाली ढकलली आणि आबा दिसले की मी दार लावून घ्यायचो.

परवा सकाळी हवा भरायला ती गल्लीत काढली, घरात एवढी लांबी नाही. पहाटेच काढली, कारण टणक भरून उन्हात ठेवली की आतली हवा फुगते आणि सांधे उकलतात. पायपंप मारून मारून पोटऱ्या भरून आल्या. साबणाचा फेस फासला. ठिगळापाशी एकही बुडबुडा नाही! झडपेपाशी एक बारीकसा येत होता, तो बघायला वाकलो आणि हॉर्न वाजला.

फेसानं निसरडी झालेली फुगीर नाव एकट्यानं उचलून बघा एकदा. दोनदा हातातून सुटली. आबा मदतीला धावले, टँकरच्या मदतीला. "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या," करत त्यांनी टँकर माझ्या पाठीला आणून टेकवला. नाव फाटकातून सरळ जाईना. आडवी करून, कुल्ल्यानं ढकलत कशीबशी अंगणात घातली.

पिंपं भरली, टाकी भरली, आमच्या वाट्याचं थोडं पाणी तरी उरलं. पाइप धरून टँकरवाला विचारतोय, कुठं सोडू? बायकोनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "त्यात सोडा."

वीतभर पाणी नावेत चढलं. थेंब गळला नाही.

दुपारी आबा दोन बादल्या घेऊन आले. "शेततळं झालं की," म्हणाले, बादल्या भरल्या, आणि जाता जाता ठिगळाला नख लावून बघितलं.