‘धुऊ नका, उघडू नका, हात लावू नका’: हिवाळी सामानाबद्दल फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाणारे, बर्फात चालणारे, डोंगर चढणारे अशांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘अनुभवी लोकांचे सामानाचे सहा नियम’. त्याचा सूर असा, की महागातलं सामान एकदाच घ्या आणि मग त्याला फार हात लावू नका. नियम थोडक्यात सांगतो. वॉटरप्रूफ जॅकेट कधी धुऊ नका, धुतलं की बाद होतं, आणि आतून ओलं व्हायला लागलं की नवीन घ्या. स्लीपिंग बॅग कायम तिच्या पिशवीत आवळून ठेवा. थंडी वाढली की मोजे वाढवा. दोर आणि हेल्मेट बाहेरून धड दिसतंय तोवर धड समजा. ऑगरचं, म्हणजे बर्फाला भोक पाडायच्या मोठ्या गिरमिटाचं, पातं बोथट झालं की ग्राइंडरवर धरा. आणि सहावा: बर्फ चार इंच झाला की बिनधास्त चला, तंबूत ‘इनडोअर’ हीटर लावा, सुरक्षेचं बाकीचं सामान म्हणजे नुसतं ओझं.

असं सामान मी बरीच वर्षं वापरतोय, मित्रांचं दुरुस्तही करून देतो. या सहांपैकी चौघांनी नुकसान होईल. उरलेल्या दोघांनी, म्हणजे दोर-हेल्मेटच्या आणि सहाव्या नियमाने, जीव जाऊ शकतो, म्हणून गप्प बसवत नाही.

जॅकेटपासून सुरुवात करतो, कारण हा मेसेज वाचून एक मित्र खरंच आपलं जॅकेट टाकायला निघाला होता. “गेलं हे, आतून ओलं होतं,” म्हणाला. मी ते बेसिनवर धरलं आणि वरून पेलाभर पाणी ओतलं. छातीवर पाण्याचे टपोरे मणी झाले आणि ओघळून गेले. खांद्यावर मात्र, जिथे सॅकचे पट्टे घासतात नेमकं तिथे, कापड गडद झालं. पाणी पसरलं आणि मुरून बसलं. पाच मिनिटं थांबलो, जॅकेट उलटं केलं आणि तोच खांदा आतून चाचपला. खडखडीत कोरडा.

म्हणजे पाणी आत शिरतच नव्हतं. अशा जॅकेटात दोन वेगळ्या गोष्टी काम करतात आणि मेसेज लिहिणाऱ्याने त्यांची गल्लत केलीय. आत एक सच्छिद्र पापुद्रा असतो. अमेरिकी संशोधक बॉब गोर यांनी 1969 साली टेफ्लॉनच्याच जातीचं प्लास्टिक झटक्याने ताणून असा पापुद्रा तयार केला, त्यातूनच पुढे गोरटेक्स हे वॉटरप्रूफ कापड आलं. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबासाठी फार लहान आणि वाफेच्या कणासाठी पुरेशी मोठी असतात, म्हणून पाऊस बाहेर राहतो आणि घामाची वाफ निघून जाते. दुसरी गोष्ट म्हणजे बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप. मळ, धूर, अंगाचं तेल आणि घासणं यांनी हा लेप निकामी होतो. मग बाहेरचं कापड पाणी पिऊन बसतं, वाफेची वाट बंद होते आणि आपलाच घाम आत थंड होऊन पाणी होतो. माणसाला वाटतं जॅकेट गळतंय. मित्राचं तेच झालं होतं.

यावर उपाय म्हणजे धुणं. आधी लेबल वाचायचं, झिपा आणि वेल्क्रो बंद करायचे, थोडा लिक्विड साबण किंवा अशा कपड्यांसाठी मिळणारा खास साबण घ्यायचा. फॅब्रिक सॉफ्टनर आणि ब्लीच अजिबात नाही. साबणाचा अंश राहिला तर तोच पाणी ओढतो, त्यामुळे दोनदा खळबळायचं. वाळल्यावर मंद आचेच्या ड्रायरमध्ये वीसेक मिनिटं ठेवायचं, कारण त्या उष्णतेनेच लेप पुन्हा जागा होतो. त्या जॅकेटचा डावा खांदा एवढ्यानेच सुधारला. उजव्यावर लेप पुरता झिजला होता, तिथे वरून मारायचा स्प्रे लागला. पापुद्रा धुण्याने जातो हे तर उलटंच आहे, मळ आणि तेल साचून राहिल्याने त्याचं आयुष्य कमी होतं. शिवाय गेल्या काही वर्षांत फ्लोरिनयुक्त लेप वापरातून जाऊ लागलेत. त्यांच्या जागी आलेले लेप पाणी झटकतात पण तेल झटकत नाहीत, म्हणून नवीन जॅकेट जुन्यापेक्षा जास्त वेळा धुवावं लागतं. ‘कधीच धुऊ नका’ हा सल्ला आज तर आणखीच महागात पडेल.

एक मात्र मान्य. काही जॅकेटांत आतल्या बाजूला पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर असतो. तो चिकट झाला, त्याला आंबूस वास येऊ लागला किंवा पापुद्रे सुटू लागले, तर ते जॅकेट खरंच संपलं. दमटपणाने तो थर कुजतो आणि कुठल्याही साबणाने परत येत नाही. फेकायचं ते अशा वेळी.

स्लीपिंग बॅग आवळून ठेवण्याचा नियम कुठून आला असेल हे कळतं. बॅगेबरोबर छोटी पिशवी येते, म्हणजे ती ठेवायचीच पिशवी असणार असं वाटतं. ती फक्त प्रवासासाठी असते. ऊब पिसं देत नाहीत, पिसांमध्ये अडकलेली हवा देते. महिनोन्‌महिने दाबून ठेवलेली पिसं आणि कृत्रिम धागे फुगायचं विसरतात, आणि जेवढी फुगण्याची उंची कमी तेवढी ऊब कमी. कृत्रिम भरणाचं नुकसान तर आणखी लवकर होतं. घरी आल्यावर बॅग पूर्ण वाळवा आणि मोठ्या सुती पोत्यात सैल कोंबून किंवा टांगून ठेवा. बॅग घेताना लेबलवरचे तापमानाचे आकडेही नीट बघा. त्यांत ‘एक्स्ट्रीम’ म्हणून जो सर्वांत कमी आकडा असतो, तो झोप लागण्याचा नाही. त्या तापमानात माणूस जेमतेम तगेल, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या कामाचा आकडा ‘कम्फर्ट’चा.

मोज्यांचं एका ओळीत आटोपतं: तीन जोड कोंबले की बूट आवळतो, रक्त पायाच्या बोटांपर्यंत पोचत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. लोकरीचा एक जाड जोड, बोटं हलतील इतका सैल बूट, आणि रोज रात्री आतलं अस्तर काढून वाळवणं. पुरे.

दोर आणि हेल्मेट या नियमाने मात्र अंगावर काटा येतो. हेल्मेटच्या आतला फोम धक्का सोसताना स्वतः चिरडला जातो आणि आपलं डोकं वाचवतो. एकदा चिरडला की तो परत उठत नाही, वरच्या कवचावर ओरखडाही नसला तरी. जोराचा मार बसलेलं हेल्मेट तिथेच निवृत्त करायचं. दोराचं त्याहून फसवं आहे. चढाईचे दोर नायलॉनचे असतात आणि नायलॉनचा वैरी म्हणजे आम्ल. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी पडलेल्या दोराला आम्लाची नुसती वाफ लागली तरी त्याची ताकद जाऊ शकते आणि वरून काहीसुद्धा दिसत नाही. ऊन, वाळू, वय ही कारणं वेगळीच. एकदाही न वापरलेल्या दोरालासुद्धा बहुतेक उत्पादक दहा वर्षांपेक्षा जास्त मुदत देत नाहीत.

दोर नुसत्या डोळ्यांनी तपासायचा नसतो मुळी, तो हातांनीही तपासायचा असतो. एका टोकापासून इंचाइंचाने बोटांतून सरकवत जा आणि थोड्या थोड्या अंतरावर त्याचा लहान वळसा करून बघा. निरोगी दोर गोल वळतो. एखाद्या जागी तो मुडपला, चपटा लागला किंवा कापसासारखा मऊ वाटला, तर आतला गाभा तुटलाय. साठ मीटरच्या दोराला अर्धा तास लागतो. त्या दोरावर कोण लोंबकळणार आहे हे आठवलं की अर्धा तास जास्त वाटत नाही.

आता ऑगर. पातं ग्राइंडरवर धरलं की काय होतं ते मी स्वतःच्या हाताने करून बसलोय. ठिणग्या उडाल्या, कड निळसर झाली, धार चकचकीत दिसली. तळ्यावर गेलो तर पहिलं भोक बरं पडलं आणि तिसऱ्या भोकाला ऑगर जागच्या जागी नाचायला लागला. निळसर रंग म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, कड मऊ झाली. नाचला तो अशासाठी, की दोन पात्यांचा कोन सारखा राहिला नव्हता. एक पातं खोल चावत होतं, दुसरं नुसतं घासत होतं. सरळ कडेची पाती बारीक धारेच्या दगडावर, मूळ कोन जराही न हलवता, दोन्हींना सारखे हात मारून घरी लावता येतात. वळणदार किंवा दातेरी पाती ज्याला त्यातलं कळतं त्याच्याकडे द्यावीत नाहीतर बदलावीत, आणि बदलताना जोडी बदलावी.

धार मुळात जाते कशी, हे मेसेजमध्ये नाहीच. सगळ्यांत जास्त ती जाते ऑगरवर चिकटलेला चिखलबर्फ झाडण्यासाठी तो बर्फावर आपटल्याने. उथळ पाण्यात पातं तळाच्या वाळूला टेकलं तर एका दणक्यात जाते. आणि ओल्या पात्यावर तसंच झाकण घालून घरी आणलं तर रात्रीतून गंज चढतो. मी तळ्यावरच फडक्याने पुसतो, घरी आल्यावर झाकण काढून पुन्हा वाळवतो आणि तेलाचं एक बोट फिरवतो. धार आहे की नाही हे बघायला पातं नखावर अलगद टेकवावं. धारदार कड रुतून थांबते, बोथट घसरते.

ओघाने मासे धरायच्या गळाच्या रिळाबद्दलही सांगतो, कारण नवीन रीळ ‘खराब निघालं’ अशी तक्रार फार ऐकू येते. उन्हाळी रिळातलं जाड ग्रीस गोठणबिंदूखाली घट्ट होतं आणि मूठ जड फिरते. ते पुसून थंडीतलं पातळ वंगण घातलं की रीळ पुन्हा हलकं चालतं. विणीची दोरी पाणी धरते आणि रॉडच्या कड्यांत गोठते, म्हणून उघड्यावर बसणाऱ्याने एकेरी तंतूची दोरी घेतलेली बरी. उबदार तंबूतून रीळ बाहेर आणि बाहेरून आत असं करत राहिलात तर त्यावर बाष्प धरतं आणि बाहेर नेताच गोठतं. एका जागी ठेवा.

सहावा नियम मी मुद्दाम शेवटी ठेवला.

चार इंचांचा आकडा खोटा नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्याचं नैसर्गिक संपदा खातंसुद्धा पायी चालणाऱ्यासाठी किमान चार इंचच सांगतं. पण ते सांगतं नव्या, स्वच्छ, पारदर्शक बर्फाबद्दल. बर्फ पांढरट, भुसभुशीत, वरचं हिम भिजून गोठलेला असेल तर त्याची ताकद साधारण निम्मी धरतात, म्हणजे जाडी दुप्पट हवी. आणि कुठलाही बर्फ पूर्ण सुरक्षित नसतो, हेही तेच खातं बजावतं. मेसेजमध्ये आकडा तेवढा उरला, अट गळून गेली. शिवाय एकाच तळ्यात जाडी सगळीकडे सारखी नसते. ओढा येऊन मिळतो तिथे, झऱ्यावर, पुलाखाली, पाण्यातून वर आलेल्या लव्हाळ्यांभोवती ती पातळ असते. म्हणून पहारीने पुढे ठोकत, दर थोड्या पावलांवर भोक पाडून मोजत जायचं.

आणि ज्याला ‘ओझं’ म्हटलंय ते काय आहे? दोन मुठी आणि त्यांना अणकुचीदार खिळे, मध्ये दोरी. वजन हातमोज्याच्या जोडीएवढं. गार पाण्यात पडलेल्या माणसाचा हिशेब थंडीचे अभ्यासक एक-दहा-एक असा सांगतात: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती साधारण दहा मिनिटं, शुद्ध हरपेपर्यंत साधारण एक तास. मधल्या दहा मिनिटांत बाहेर यायचं असतं, आणि ओल्या बर्फावर ओला हातमोजा कुठेच धरत नाही. खिळे रुतवले, पाय मागे झाडले, पोटावर सरपटत आल्या वाटेने परत, एवढंच शक्य असतं. ते खिळे गळ्यात हवेत. सॅकमध्ये असले तर नसल्यासारखेच. पाण्यात पडताच फुगणारं लाइफ जॅकेट वापरत असाल तर त्यातल्या सिलिंडरचं वजन आणि पाण्याने उघडणाऱ्या कळीची तारीख हंगामाच्या आधी बघा. न तपासलेलं फुगणारं जॅकेट म्हणजे साधा कोट.

हीटरच्या बाबतीत ‘इनडोअर’ हा शब्द घात करतो. अशा गॅस हीटरना हवेतला ऑक्सिजन कमी झाल्यावर हीटर बंद करणारी कळ असते. ती कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. त्या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणसाला वाटतं उबेने पेंग आली. तंबूला खाली एक आणि वर एक असे दोन झरोके उघडे हवेत, आणि खालच्या कडेवर बर्फ लोटून ते बुजवायचे नाहीत. वायूचा अलार्म जवळ ठेवा, पण त्याच्या पाठीवरची तापमानाची मर्यादा वाचून घ्या. घरासाठी बनवलेले अलार्म पुष्कळदा गोठणबिंदूखाली काम करण्यासाठी बनवलेले नसतात. आणि हीटर चालू ठेवून झोपायचं नाही, कितीही थंडी असो.

मित्राने जॅकेट ठेवलंय. मेसेज मात्र त्याने आधीच दोन ग्रुपांवर पाठवला होता. मी त्याला सांगितलं तेच इथे सांगतो: ज्यांनी ज्यांनी तो पुढे ढकललाय, त्यांनी त्याच ग्रुपांवर निदान दोर, बर्फ आणि हीटर या तीन गोष्टींची दुरुस्ती आज रात्रीच टाकावी. शनिवार-रविवारी लोक तळ्यावर जातील.