टाके छान घालता, पण धनुर्वाताचं काय?

कॅज्युअल्टीत शिकणाऱ्या ज्युनियर डॉक्टरांबद्दल एक गोष्ट खूप दिवस मनात आहे, आज लिहूनच टाकते. ही मुलं हुशार आहेत, कष्टाळू आहेत, टाके इतके सुबक घालतात की बघत राहावं, पण धनुर्वाताचा विषय आला की जवळपास प्रत्येक केसपेपरवर तीच एक ओळ, 'इंज. टीटी स्टॅट', म्हणजे धनुर्वाताच्या लसीचं (टीटी) इंजेक्शन लगेच द्या. जखम कसली, पेशंट कोण, आधी काय झालंय, काही फरक पडत नाही.

विचारतात काय, तर "शेवटचं टीटी कधी घेतलं?" पेशंट म्हणतो "घेतलं होतं मागे कधीतरी", झालं, विषय संपला. अरे पण त्याच्या आधीचा प्रश्न कुठे गेला? आयुष्यात मिळून निदान तीन डोस झालेत का? सगळं त्यावर ठरतं. तीन झाले असतील तर स्वच्छ, किरकोळ जखमेला शेवटच्या डोसपासून 10 वर्षं होईपर्यंत काहीही लागत नाही, आणि जखम मातीची, शेणाची, चावल्याची, खोल टोचलेली, चिरडलेली, भाजलेली असेल तर तिथे 10 च्या जागी 5 वर्षं धरायची. एवढंच आहे हो.

तीनपेक्षा कमी झाले असतील किंवा कुणालाच काही माहीत नसेल आणि जखम घाण असेल, तर नुसती लस पुरत नाही, सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन, लागतं. साधारणपणे 250 युनिट, वेगळ्या सिरिंजने, वेगळ्या जागी. नेमकं हेच राहून जातं. ज्याला आधी कधी लस मिळालीच नाही त्याच्या शरीराला पुरेशा अँटिबॉडी बनवायला काही आठवडे लागतात, आणि धनुर्वात बहुतेक वेळा 3 ते 21 दिवसांत दिसायला लागतो, मग मधल्या काळात त्या माणसाला वाचवणार कोण? अँटिटॉक्सिनने, म्हणजे जंतूचं विष निकामी करणाऱ्या अशाच तयार अँटिबॉडींनी, संरक्षण मिळतं हे बेहरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी 1890 मध्येच दाखवलं होतं, म्हणजे ज्ञान नवीन नाही, आपण ते वापरत नाही.

परिणाम काय होतो बघा. सुरीने बोट कापलेला तरुण, दोनच वर्षांपूर्वी बूस्टर झालेला, त्याला पुन्हा इंजेक्शन (वारंवार घेतल्याने अख्खा दंड सुजतो ते वेगळंच). आणि बागेत पायात काटा घुसलेले सत्तरीचे आजोबा, ज्यांना लहानपणी लस मिळाली होती का हेच कुणाला सांगता येत नाही, त्यांना "किरकोळ आहे" म्हणून ड्रेसिंग करून घरी. खरा धोका कुणाला होता? वय झालं की प्रतिकारशक्ती उतरते आणि अशीच छोटी, बंद तोंडाची, खोल जखम या जंतूला मानवते, तिथे ऑक्सिजन पोचत नाही. लोखंड गंजलेलं होतं का, हे सगळे विचारतात, पण गंजाने काही होत नाही, माती किती गेली ते विचारा ना!

मला वाटतं खरं कारण हे आहे की या मुलांनी धनुर्वात पाहिलेलाच नाही. जबडा घट्ट मिटलेला, पाठ कमानीसारखी वाकलेली, कुणी दार आपटलं तरी पूर्ण अंगाला झटका, आणि पेशंट बहुतेक वेळ पूर्ण शुद्धीवर. एकदा असा पेशंट पाहिला की केसपेपरवरची ती ओळ आपोआप लिहिली जात नाही. शिवाय हा आजार होऊन बरं झालं तरी प्रतिकारशक्ती येत नाही, त्या पेशंटलाही लसीचा कोर्स लागतोच, हे किती जणांना माहीत आहे?

म्हणून सीनियर लोकांना विनंती, राउंडला टाके बघता तसं एकदा विचारा, "डोस किती झाले होते? इम्युनोग्लोब्युलिन का दिलं, किंवा का नाही दिलं?" 24 तास उलटले म्हणून लस नाकारलेला पेशंट दिसला तर तिथेच थांबवा, उशिरा आला तरी द्यायचीच असते. आणि ज्याचा पहिलाच डोस आहे त्याला चिठ्ठीवर पुढच्या तारखा लिहून द्या, दुसरा साधारण 4 आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर 6 ते 12 महिन्यांनी, आणि सोबत आलेल्या नातेवाइकालाही त्या नीट समजावून सांगा.