‘दोन दिवस थांबा’ म्हणणाऱ्या मेसेजला एका मेडिकलवाल्याचं उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या साडूंनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. त्याआधी तो चार ग्रुपांतून माझ्याकडे येऊन गेला होता. मजकूर थोडक्यात असा: कॅन्सरसाठी किमो चालू असलेल्या मुलांना अँटिबायोटिक देऊ नका, त्यानं शरीर रेझिस्टंट होतं, म्हणजे औषध लागू पडेनासं होतं. ताप आला तर दोन दिवस पॅरासिटामॉल आणि गुळवेलीचा काढा द्या. औषधाला न जुमानणारे जंतू दवाखान्यातच असतात, घरी आणलं की मूल सुरक्षित. वाढलंच तर हाय पॉवरचं इंजेक्शन आहेच. आणि मेडिकलवाले पैशासाठी अँटिबायोटिक खपवतात.

मी सोलापुरात मेडिकल चालवतो. शेवटचा मुद्दा माझ्यावरच आहे, तो शेवटी घेतो.

‘शरीर रेझिस्टंट होतं.’ शरीर नाही होत, जंतू होतो. ई. कोलाय, क्लेबसिएला हे आपल्या आतड्यात मुक्काम ठोकून असलेले जंतू. अँटिबायोटिक पोटात गेलं की मरायचे ते मरतात. ज्यांच्याकडे ते औषध तोडणारं एन्झाइम असतं ते उरतात, आणि मोकळी जागा मिळाल्यावर वाढतात. वर ते एन्झाइम करायची कृती दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतात, शेजारणीनं वाटीभर विरजण द्यावं तशी. तेव्हा अँटिबायोटिक जपून वापरा, इथवर मेसेज बरोबर आहे. पण जपायचं कुणी? सर्दीला दुसऱ्या दिवशी गोळी मागणाऱ्या तुम्ही-आम्ही. किमोनं पांढऱ्या पेशींचा काउंट पडलेल्या मुलानं नव्हे.

‘दोन दिवस थांबा.’ अख्ख्या मेसेजमधलं जीवघेणं वाक्य हे.

किमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे 500 च्या खाली आल्या की मूल जवळजवळ उघडं पडतं. मोठ्यांना फसवणारी गोष्ट पुढे आहे. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी. पेशीच नाहीत, तर पू कुठून होणार? जखम लाल होत नाही, धड सूजही येत नाही, छातीत संसर्ग असून सुरुवातीचा एक्स-रे साफ येऊ शकतो. ताप ही बहुतेक वेळा एकच खूण उरते, आणि पॅरासिटामॉल नेमकी तीच पुसून टाकतं. रक्तात जंतू शिरलेलं असं मूल दुपारी खेळतं आणि रात्री बीपी पडून आयसीयूत जातं. म्हणून नियम कडक आहे: एकदा जरी 101 फॅरनहाइट (38.3 सेल्सिअस) दिसला, किंवा 100.4 (38 सेल्सिअस) तासभर टिकला, की दवाखाना. पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून जायला हवा. त्याआधी ब्लड कल्चरचं, म्हणजे रक्तात कुठला जंतू वाढतो ते बघायच्या तपासणीचं, रक्त काढतात, पण रिपोर्टसाठी थांबत नाहीत. तो यायला एक-दोन दिवस तरी लागतात.

आपल्याकडची बरीच मुलं परळला नाहीतर बार्शीला किमो घेतात आणि घरी येतात. ताप येतो तो घरी. गेल्या उन्हाळ्यात रात्री दहाला एक बाप आला. ‘मालक, पोराला कणकण वाटतीया, तापाचं पातळ औषध द्या.’ पोरगं दुचाकीवरच बसलेलं, टोपीखाली केस नाहीत, दंडाला पट्टी. किमो कधी झाली विचारलं, तर म्हणाला नऊ दिवस झाले. मे महिन्यात पत्र्याच्या घरात सगळ्यांचंच कपाळ तापलेलं असतं, हाताला काय कळणार? काखेत थर्मामीटर लावला, 101.4. ‘सकाळी बघू की,’ म्हणत होता. औषध दिलं नाही. फाईल घेऊन आत्ता मोठ्या दवाखान्यात जा, तिथूनच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावा, असं सांगून रिक्षात बसवलं. (अशा मुलांचा ताप गुदद्वारातून कधीच मोजू नये. तिथलं नाजूक अस्तर फाटलं की आतड्यातले जंतू थेट रक्तात.)

काढ्याबद्दल एवढंच: गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी केल्यात. किमोचा भार ते यकृत आधीच सोसत असतं.

‘जंतू दवाखान्यातच.’ हे अर्धं खरं आहे. वॉर्डात हातांवरून, नळांवरून, सेंट्रल लाइनवरून (औषधासाठी मोठ्या शिरेत ठेवलेली नळी) ते पसरतात. म्हणून लाइनला हात लावण्याआधी सिस्टरला ‘हात चोळले का?’ विचारायला आईनं लाजू नये. स्पिरिटवाल्या द्रवानं 20 ते 30 सेकंद पुरतात. पण दवाखान्यातून निघताना तेच जंतू आतड्यात बसून घरी येऊ शकतात, काही त्रास न देता महिनोन्‌महिने. आणि ते बाहेरही आहेत. 2011 मध्ये छापून आलेल्या पाहणीत दिल्लीत रस्त्यावर साचलेल्या सांडपाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 मध्ये, आणि नळाच्या 50 पैकी 2 नमुन्यांत, मेरोपेनेमसारख्या राखून ठेवलेल्या अँटिबायोटिकला तोडणारं एन्झाइम बनवणारं एनडीएम-1 जनुक सापडलं होतं. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, म्हणजे पिंपं भरलेली. त्यात तांब्या बुडवणारे घरातले सगळे हात. पेशंटचं पाणी उकळून वेगळं, तोटीच्या भांड्यात ठेवा. हातच बुडायला नको.

‘हाय पॉवरचं इंजेक्शन आहेच.’ काउंटरवर हा शब्द मी रोज ऐकतो. अँटिबायोटिकला हॉर्सपॉवर नसते. कुठलं औषध कुठल्या जंतूला लागू पडतं, एवढंच असतं. मेरोपेनेमही चालेना तेव्हा जे कोलिस्टिन काढतात, ते जुनंच औषध. मूत्रपिंडाला त्रास होतो म्हणून बाजूला ठेवलेलं, नाइलाजानं परत आणलेलं. कोंबड्या वाढवायला ते खाद्यातून दिलं जायचं. 2019 मध्ये केंद्र सरकारनं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. म्हणजे शेवटच्या कपाटातही फार काही नाही. उलट कल्चरचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी मोठं औषध बंद करून साधं लावलं, तर ‘स्वस्तात उरकलं’ असं समजू नका. कधी ताप उतरतो, काउंट वर यायला लागतात, कल्चरमध्ये काही उगवत नाही, आणि डॉक्टर अँटिबायोटिक लवकर थांबवतात. तेही बरोबर. जपून वापरणं म्हणतात ते हेच. फक्त ते ठरवायचं त्यांनी, मेसेज पाठवणाऱ्यानं नव्हे.

राहिले मेडिकलवाले. हा मुद्दा खोडता येत नाही. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-वन ही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांची सरकारी यादी लागू आहे. त्या यादीतलं औषध विकलं की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि नग रजिस्टरला लिहायचे आणि ते तीन वर्षं सांभाळायचं. सेफिक्सिम हे अँटिबायोटिक त्या यादीत आहे. ओळखीच्या माणसाला ‘चारच द्या, घसा धरलाय’ म्हटल्यावर कात्रीनं पट्टी कापून मी सेफिक्सिम दिलेली आहे, एकदा नव्हे. रजिस्टरमध्ये त्या दिवसांची ओळ नाही. साडूंनीही त्यातल्या दोन पट्ट्या माझ्याकडूनच नेल्यात.