ऑइलचा लाल दिवा आणि ‘सेन्सर बदला, जाड ऑइल भरा’ हा सल्ला

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांमध्ये व्हॉट्सॲपवर एक संदेश बराच काळ फिरत आहे. त्याचा सारांश असा की, जुन्या गाडीत ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर बहुधा सेन्सरच खराब झालेला असतो, तो बदलावा. दिवा फक्त गाडी उभी असताना लागत असेल आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर विझत असेल तर काळजीचे कारण नाही. तरीही शंका राहिली तर २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल आणि सोबत ऑइल घट्ट करणारा एक डबा ओतावा. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजण्याच्या पट्टीवर, पातळी बरोबर असेल तर ऑइलकडे पाहू नये. डिझेल घालून इंजिन आतून धुऊन घ्यावे. आणि एवढ्यानेही भागले नाही तर ऑइल पंप बदलावा. यातला बहुतेक सल्ला कुठल्या ना कुठल्या गाडीला कधीतरी लागू पडलेला असतो, त्यामुळे तो पटकन पटतो. पण दाब प्रत्यक्ष मोजून पाहा, असे त्यात कुठेही सांगितलेले नाही, आणि माझा मुख्य आक्षेप तोच आहे.

आधी सेन्सरचा मुद्दा घेऊ. मारुती ८००सारख्या गाडीत दाबाचा काटा नसतो. इंजिनवर बसवलेला एक साधा स्विच आणि डॅशबोर्डवरचा दिवा एवढीच यंत्रणा असते. असे स्विच साधारणपणे ०.३ ते ०.५ बार, म्हणजे सुमारे ४ ते ७ पीएसआय, एवढ्या दाबाखाली दिवा पेटवतात. म्हणजे दिवा लागतो तेव्हा दाब ‘थोडा कमी’ नसतो, तो जवळजवळ संपलेला असतो. आणि दिवा विझलेला आहे यावरून दाब पुरेसा आहे असे मुळीच सिद्ध होत नाही. स्विच खराब होतात हे खरे आहे, त्यांच्यातून ऑइल झिरपते आणि वायरही खाली लोंबून इंजिनला टेकते. पण त्याची परीक्षा पाच मिनिटांची आहे. इंजिन सुरू न करता किल्ली फिरवावी, दिवा लागला पाहिजे. स्विचची वायर काढली की तो विझला पाहिजे आणि वायरचे टोक इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवले की पुन्हा लागला पाहिजे. एवढे जमले तर वायर आणि दिवा ठीक आहेत. त्यानंतर स्विच काढून त्याच भोकात यांत्रिक गेज बसवावे, इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे आणि आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, व नंतर २००० ते ३००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) काटा कुठे राहतो ते लिहून ठेवावे. कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा मिळाला तर तोच प्रमाण मानावा. न मिळाल्यास गरम इंजिनात दर १००० आरपीएममागे सुमारे १० पीएसआय हा गॅरेजमधला जुना ठोकताळा कामाला येतो. येथे एक सूचना करणे आवश्यक आहे. गेजचा जोड त्याच आट्यांचा असावा, कारण १/८ एनपीटी (अमेरिकी) आणि १/८ बीएसपी (ब्रिटिश) या दोन मापांमध्ये इंचाला २७ आणि २८ आटे एवढाच फरक असल्यामुळे चुकीचा जोडही दोन-तीन फेरे सहज बसतो आणि मग ब्लॉकमधले आटे खराब करतो.

‘उभी असतानाच लागतो, म्हणून काळजी नको’ हे विधान तर निदानाच्या नेमके उलट आहे. ऑइल पंप दाब निर्माण करत नाही, तो फक्त प्रवाह देतो; नळीच्या तोंडावर अंगठा धरल्यावर पाण्याला जोर येतो, तसा तो प्रवाह क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, आधार देणाऱ्या बेअरिंगच्या अरुंद फटीत अडल्यामुळे दाब तयार होतो. आयडलला पंप सर्वांत हळू फिरतो आणि कसारा किंवा खंबाटकीचा घाट चढून आलेल्या गाडीचे ऑइल सर्वांत पातळ झालेले असते, त्यामुळे वाढलेल्या फटी प्रथम तेथेच उघड्या पडतात. गरम इंजिनात केवळ आयडलला दाब पडणे हे झिजलेल्या मेन (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या) आणि बिग एंड (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) बेअरिंगचे, किंवा पातळ झालेल्या ऑइलचे, नेहमीचे लक्षण आहे.

जाड ऑइलचा सल्ला सर्वांत लोकप्रिय आहे आणि त्यात थोडे तथ्यही आहे, म्हणून त्याचा हिशेबच मांडतो. १५डब्ल्यू-४० ऑइलची १०० अंश सेल्सिअसला घनता नव्हे, तर विस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, साधारण १४ सेंटिस्टोक्स असते आणि २०डब्ल्यू-५०ची साधारण १८. म्हणजे वाढ सुमारे २९ टक्क्यांची. दुसरीकडे, बेअरिंगच्या फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या (तिसऱ्या घाताच्या) प्रमाणात वाढते. फट अवघी ९ टक्क्यांनी वाढली की गळती सुमारे ३० टक्क्यांनी वाढते आणि जाड ऑइलने मिळवलेले सारे तेथेच संपते. मूळ फट ०.०४ मिलिमीटर धरली तर ही ९ टक्के वाढ चार मायक्रॉनहूनही कमी झीज आहे. फट दुप्पट झालेल्या इंजिनात गळती आठपट असते, तेथे कोणत्या डब्यातले ऑइल पुरणार? शिवाय दिवा विझणे आणि बेअरिंगला संरक्षण मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलवर जो प्रचंड ताण येतो, त्या स्थितीतली विस्कॉसिटी १५० अंशांवर मोजतात आणि तिची एसएई मानकातली किमान मर्यादा १५डब्ल्यू-४० व २०डब्ल्यू-५० या दोघांसाठी एकच, ३.७ मिलिपास्कल-सेकंद, आहे. काही जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेतच २०डब्ल्यू-५० लिहिलेले असते आणि त्यांत ते जरूर भरावे. माझा विरोध ते औषध म्हणून वापरण्याला आहे. घट्ट करणाऱ्या डब्यांचेही तेच. त्यांतली लांब साखळ्यांची पॉलिमर द्रव्ये गेजवर काटा चढवतात, पण बेअरिंगमधल्या ताणाखाली त्यांचा परिणाम बराच ओसरतो.

डिपस्टिकबाबतचे विधान अर्धवट आहे. पातळी कमी असेल तर प्रथम ती भरावी, यात वाद नाही. मात्र पातळी वाढलेली दिसली तर अधिक सावध व्हावे. कार्बोरेटरच्या गाड्यांत यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरते. डिझेल गाड्यांत फीड पंपातून किंवा इंजेक्टरमधून डिझेल उतरते. डिपस्टिक नाकाशी धरून पाहावी. इंधनाचा वास येत असेल, तर बेअरिंगला हात लावण्यापूर्वी ती गळती बंद करून ऑइल आणि फिल्टर बदलावे आणि दाब पुन्हा मोजावा. ऑइल दुधाळ दिसत असेल तर पाणी मिसळलेले आहे, आणि मग तपास हेड गॅस्केटपासून, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पातळ थरापासून, सुरू करावा लागतो.

डिझेलने धुण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. वर्षानुवर्षे चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाशी बसलेला काळा गाळ सुटून तुकड्यांनी पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो, आणि पातळ डिझेलवर फिरणाऱ्या झिजलेल्या बेअरिंगला तेवढ्या वेळात जे सोसावे लागते ते वेगळेच. गाळ आहे अशी शंका असेल तर चेंबर उतरवून तो हाताने साफ करावा.

राहिला पंप. पंपाला फिल्टरच्या आधीचे, केवळ जाळीतून आलेले ऑइल मिळते, त्यामुळे तोही झिजतो. पण पंप बदलण्याचा निर्णय गेजवरच्या नोंदी पाहून घ्यावा. दाब सगळ्याच आरपीएमला कमी असेल तर पंपाचे गिअर किंवा उघडा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) यांवर संशय घ्यावा. आरपीएम वाढवताना दाब आधी चढून नंतर कोसळत असेल तर जाळी तुंबलेली असते. वळणावर किंवा ब्रेक लावताना काटा नाचत असेल तर पातळी कमी असते किंवा सक्शन पाइपच्या कडक झालेल्या रबरी रिंगमधून पंप हवा ओढत असतो, आणि ही रिंग पंपाच्या तुलनेत अगदी क्षुल्लक किमतीची असते. ज्या गाड्यांत इंजिन न उतरवता चेंबर निघतो, तेथे जाळी आणि रिंग पाहतानाच एक-दोन बेअरिंग कॅपही उघडून पाहाव्यात. बेअरिंगवरचा पांढरट थर जाऊन तांबूस रंग दिसू लागला असेल तर नवा पंप बसवूनही आयडलचा दाब फारसा सुधारणार नाही. क्रँक मायक्रोमीटरने मोजून घ्यावा आणि तो मर्यादेत असेल तर स्टँडर्ड, नसेल तर ग्राइंड करून ०.२५ मिलिमीटर अंडरसाइज (आतल्या व्यासाने तेवढी लहान) बेअरिंग घालावीत. काही मिस्त्री यावर उपाय म्हणून रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वॉशर घालतात. तो व्हॉल्व्ह फक्त दाबाची वरची मर्यादा ठरवतो आणि आयडलला तो बंदच असतो, त्यामुळे वॉशरने तेथे काहीही बदलत नाही. मात्र थंडीच्या सकाळी इंजिन सुरू करताच दाब मर्यादेबाहेर जाऊन फिल्टरचे गॅस्केट फाटू शकते.