ग्रामपंचायतीला गावात ८०-८५ टक्के मतदान आणि कुलाब्यात पन्नासही नाही, असं का?

मतदानावरच्या तुमच्या लेखात शहरी मतदार आळशी आहेत म्हणून मोकळे झालात, पण चुरस कुठे असते तेही बघा ना. आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या वॉर्डात चार-पाचशे मतं, दोन पॅनल, आणि बूथबाहेर टेबल टाकून बसलेला पोरगा यादीवर टिक करत असतो, दुपारी तीनला त्याला बरोब्बर माहीत असतं कोण आलं नाही, मग पुण्याला फोन, गाडी पाठवतो पण ये, म्हातारीला खुर्चीत बसवून आणतात. एका मताने पडलेला माणूस पाच वर्षं ते मत शोधत फिरतो, खोटं नाही सांगत!! लोकसभेला यातलं काही होत नाही, तेव्हा तीच माणसं ऊन आहे म्हणून घरी.

आणि मुंबईत मत वाया जातं म्हणणाऱ्यांनी २०२४ ची वायव्य मुंबई आठवावी, शिंदेंच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर फक्त ४८ मतांनी निवडून आले. २०१७ ला पालिकेच्या एका वॉर्डात तर टाय होऊन चिठ्ठी काढावी लागली. पण चुरस होती हे लोकांना निकालानंतर कळलं, आधी दारात कोण आलं होतं?

गावाचं पण फार कौतुक नको, नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून २०२१ ला राज्य निवडणूक आयोगाने निवडणूक रद्द केली होती. बिनविरोध म्हणजे गावाची एकी असं सांगतात, बऱ्याचदा दुसऱ्याला फॉर्म मागे घ्यायला लावलेला असतो. तिथे टक्केवारी कशाची मोजणार?